जुन्या कोलमन कंदिलांचे दुर्मीळ प्रकार ओळखायचे कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कराडजवळचा. बरीच वर्षं अमेरिकेत कॅन्सस राज्यात राहतो. कोलमन कंपनीचे कॅम्पिंगचे कंदील ज्या विचिटा शहरात बनले, ते याच राज्यात आहे. जुन्या बाजारांत आणि घराच्या अंगणात मांडलेल्या विक्रीत हे कंदील इथे अजून सापडतात. आता पुण्या-मुंबईचे, ट्रेकिंग करणारे मित्रही ते गोळा करू लागले आहेत. फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "हा दुर्मीळ आहे का?" त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवतो आहे.

कंदील हातात आला की आधी काय बघू?

टाकीच्या झाकणाची आटी हळूहळू सोडवा, आत दाब असेल तर तो फुस्स करून निघू द्या. जुनं इंधन असेल तर ते मोकळ्या हवेत ओतून टाका. मग कंदील उलटा करा.

टाकीच्या बुडाला कंपनीचं नाव, गाव आणि काही अंक ठोकलेले असतात. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या अमेरिकी कंदिलांवर नावाच्या एका अंगाला महिना आणि दुसऱ्या अंगाला वर्ष असतं. ८ आणि ६४ दिसलं तर ऑगस्ट १९६४. त्याआधीच्या कंदिलांवर महिन्याऐवजी ए किंवा बी हे इंग्रजी अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी ते जून, बी म्हणजे जुलै ते डिसेंबर. म्हणजे 'बी ४७' हा १९४७ च्या दुसऱ्या सहामाहीतला.

छाप पुसट असेल तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल घासा, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसा. विजेरी अगदी तिरपी धरली तरी अंक उठून दिसतात. छाप वाचायला म्हणून सॅंडपेपर मात्र मारू नका. अंक कायमचे जातात, आणि त्या अंकांशिवाय पुढचं काहीच सिद्ध करता येत नाही.

तारीख नसली तरी कंपनीचं नाव मदत करतं. 'कोलमन लॅम्प अँड स्टोव्ह कंपनी' असं असेल तर कंदील १९४० च्या दशकाच्या मध्याआधीचा. 'द कोलमन कंपनी' असेल तर त्यानंतरचा.

तारीख मिळाली म्हणजे कंदिलाचं वय मिळालं ना?

नाही. टाकीचं वय मिळालं.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक फसवणुकी आणि बहुतेक प्रामाणिक चुका इथेच होतात. कोलमनची टोपी वरच्या एका छोट्या गोल नटावर उभी असते. तो नट हाताने फिरवला की टोपी निघते, टोपीखालची काच निघते. पाना घेतला की जनरेटर, बर्नर, पिंजरा, वाल्व सगळं सुटं होतं. दहा मिनिटांत १९५१ च्या टोपीखाली १९७३ ची टाकी बसवता येते, आणि लांबून ती जोडी जन्मापासून एकत्र असल्यासारखी दिसते. असं करणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही. शिकारीला, मासेमारीला जाणाऱ्या माणसाच्या कंदिलाची टोपी वाकली तर तो शेजाऱ्याच्या मोडक्या कंदिलाची लावायचा. साठ-सत्तर वर्षांत असे कितीतरी बदल झालेले असतात.

म्हणून दुर्मीळ प्रकार ओळखणं म्हणजे एक खूण शोधणं नव्हे. टाकी, पट्टा, वाल्व, बर्नर, टोपी, काच हे सगळे भाग एकाच काळाची साक्ष देतात का, ते तपासायचं. एक भाग वेगळं बोलत असेल तर तो कंदील मी 'जोडलेला' म्हणून नोंदवतो.

भागांची नावं गोंधळात टाकतात. सोप्या भाषेत सांगाल?

खाली इंधनाची *टाकी*. तिच्यात तिरपा बसवलेला *पंप*, त्याच्या टोकाला चामड्याचा वायसर. टाकीवर धातूचा गोल *पट्टा*, याच्यावर बहुधा मॉडेलचा क्रमांक असतो. मधे उभी जाणारी नळी म्हणजे *जनरेटर*: हिच्यात इंधन तापून वाफ होतं. वाफ बर्नरमधून *मेंटल*मध्ये, म्हणजे जाळीदार पिशवीत, जाऊन जळते आणि मेंटल लखलखतं. भोवती *काच*, ती ज्यात बसते तो धातूचा सांगाडा म्हणजे *पिंजरा*, काचेवर *टोपी*, आणि धरायला *कडी*. आपल्या लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीचं तत्त्व हेच. फरक इंधनाचा: गॅसबत्ती रॉकेलवर चालते, तर बहुतेक अमेरिकी कोलमन कंदील रंगहीन, शिसं नसलेल्या नाफ्था या पेट्रोलसारख्या इंधनावर. अमेरिकेत त्याला व्हाइट गॅस म्हणतात.

'दुर्मीळ' नक्की कशाला म्हणायचं?

माझ्या दृष्टीने दुर्मीळपणाची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती एकत्र मिसळली की गोंधळ होतो.

काही मॉडेलं थोडाच काळ बनली. उदाहरणार्थ, एका मेंटलचं २०० हे मॉडेल विचिटात १९५० नंतर थोडाच काळ निघालं आणि त्याची जागा २००ए ने घेतली. २००ए मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. म्हणजे २००ए घरोघरी आणि विचिटाचं २०० शोधावं लागतं.

काही कंदील मागणीवरून बनले: एखाद्या दुकानसाखळीसाठी, रेल्वेसाठी, लष्करासाठी. आतली यंत्रणा ओळखीची, पण रंग, नाव किंवा क्रमांक वेगळा.

काही फरक देशाचे आहेत. कोलमनचा टोरोंटोत कारखाना होता, आणि अमेरिकेत थांबलेलं एखादं मॉडेल कॅनडात पुढे चालू राहायचं. २०० चंच बघा. विचिटात ते लवकर संपलं, टोरोंटोत अनेक वर्षं बनत राहिलं. बुडावर 'टोरोंटो, कॅनडा' असलेला २०० पाहून "१९५० चा दुर्मीळ!" म्हणून उडी मारणारे मी पाहिले आहेत. तो कंदील चांगलाच असतो, पण सांगितला जातो तो नसतो.

आणि मग माझे सगळ्यांत आवडते, *संधिकाळातले* कंदील. कारखान्यात मॉडेल बदलताना जुने भाग फेकून देत नाहीत, साठा संपेपर्यंत ते लावत राहतात. त्यामुळे काही महिने असे येतात की नव्या टाकीवर जुनी टोपी कारखान्यातच चढते. हे कंदील कुठल्याही कॅटलॉगमध्ये वेगळे छापलेले नसतात. त्यांना नाव पुढे संग्राहकांनी दिलेलं असतं. इथे तारीख सगळ्यांत महत्त्वाची ठरते: बदल ज्या महिन्यांत झाला त्या महिन्यांतलीच टाकी असेल तर दावा टिकतो, नाहीतर नाही.

शेवटी कारखान्यातल्या चुका उरतात: दोनदा पडलेला छाप, तिरपं बसलेलं लेबल. मजेशीर असतात, पण त्यांना प्रकार म्हणू नये. तो एका नगाचा अपघात आहे.

'ख्रिसमस' कंदील म्हणजे काय? माझा लाल-हिरवा आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.

१९५१ च्या सुमाराला, २००ए अगदी नवा असताना, लाल टाकी आणि हिरवी टोपी असे कंदील निघाले. पुढे टोपीही लाल झाली, आणि आज आपल्या डोळ्यांसमोर जो कोलमन येतो तो हा संपूर्ण लाल. त्या थोड्या काळातल्या लाल-हिरव्या जोडीला अमेरिकी संग्राहक रंगांवरून 'ख्रिसमस' म्हणतात. हे कंपनीने छापलेलं नाव नाही, आणि तो नाताळसाठी बनवलेलाही नव्हता.

अडचण अशी की हिरव्या टोप्या भरपूर आहेत आणि लाल टाक्या त्याहून भरपूर. दोन्ही हातात असतील तर 'ख्रिसमस' बनवायला एक नट पुरतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका जुन्या बाजारातून असाच लाल-हिरवा कंदील घेतला. घरी येऊन उलटा केला तर बुडावर ५८ होतं. सात वर्षांचा फरक. तेव्हा खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचं की तिथेच उभा राहून मी तो उलटा करून बघितला नव्हता. तेव्हापासून मी आधी बूड बघतो, मग रंग.

टाकी १९५१ च्या आसपासची निघाली तर पुढे जा. टोपी काढा. जिथे ती पिंजऱ्यावर टेकते तिथे दोन्हीकडे झिजेचा गोल पडलेला असतो. ते दोन्ही गोल एकमेकांवर जुळतात का? टोपीच्या आतली काजळी आणि बर्नरचा रंग सारख्याच वापराचे वाटतात का? टोपी खूप जळालेली आणि बर्नर कोरा, असं असेल तर त्या दोघांची ओळख अलीकडची आहे. वाल्वचा चाक-खटका आणि पट्टा त्याच काळाच्या, खात्रीच्या दुसऱ्या कंदिलाशी ताडून बघा. यातली एकेक खूण कच्ची आहे. चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी 'ख्रिसमस' लिहितो, आणि तरी पुढे 'टोपी मूळ असावी' असं लिहायला लाजत नाही.

माझा २००ए गडद, डाळिंबी रंगाचा आहे. हाच 'बरगंडी' का?

असू शकतो. १९६० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला थोडी वर्षं २००ए गडद लाल, मरूनकडे झुकणाऱ्या रंगात निघाला. तोच 'बरगंडी'. तारीख आधी त्या वर्षांत बसली पाहिजे.

फोटोवरून हे ठरवता येत नाही, कृपया फोटोवरून विचारू नका. फोनचा कॅमेरा लाल रंगाचं काहीही करतो. पट्टा काढा. पट्ट्याखालच्या रंगाला कधी ऊन लागलेलं नसतं, हात लागलेला नसतो. तो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, खात्रीच्या नेहमीच्या लाल २००ए शेजारी ठेवा. बरगंडी असेल तर फरक बघायला डोळे बारीक करावे लागत नाहीत. पट्ट्याखाली चकचकीत लाल आणि बाहेर गडद दिसत असेल, तर तो उष्णतेने आणि धुराने काळवंडलेला साधा लाल आहे.

सोनेरी-मोहरी रंगाचा दिसला, तो काय?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा २००ए, ज्याला 'गोल्ड बाँड' म्हणतात. अमेरिकेत तेव्हा किराणा घेतला की तिकिटं मिळायची, ती वहीत चिकटवून वस्तू घ्यायची. गोल्ड बाँड हे त्याच तिकिटांचं नाव. या कंदिलालाही तेच नियम: तारीख, पट्ट्याखालचा रंग, टोपी.

सीअर्सचं नाव आहे, पण आतून अगदी कोलमन. मग कोलमन लिहू का?

दोन्ही लिहा. सीअर्स हे दुकान, बनवणारी कंपनी दुसरी. ४७६ ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक असेल तर तो कोलमनने सीअर्ससाठी बनवलेला. पण सीअर्सने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्यांकडून माल घेतला, त्यात मिनेसोटातल्या आल्बर्ट ली गावची अमेरिकन गॅस मशीन कंपनीही होती. म्हणून विकणाऱ्याचं नाव एका रकान्यात आणि बनवणाऱ्याचं दुसऱ्यात.

२२० आणि २२८ मधला फरक सांगा. आणि पुढची अक्षरं?

दोन्ही दोन मेंटलचे. २२८ ची टोपी रुंद, छत्रीसारखी बाहेर आलेली, प्रकाश खाली टाकणारी. २२० ची आखूड. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही मालिका सुरू झाली आणि सुधारणा झाली की पुढचं अक्षर लागत गेलं: बी, सी, डी, ई, एफ, मग एच, मग जे. २२० मध्ये त्याच्याही पुढे के. एफ आणि एच यांच्यामध्ये जी येत नाही, त्यामुळे कुणी "फारच दुर्मीळ २२०जी" दाखवला तर पट्टा वाचा. बहुधा अर्धा पुसलेला सी असतो.

टोपी बदलली की २२० चा २२८ दिसतो. पट्ट्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय नाव ठेवू नका.

याहून जुने कसे ओळखू?

कोलमनचा पहिला कंदील १९१४ चा, 'आर्क लँटर्न'. त्याआधी कंपनी घरात-दुकानात लावायचे दिवे विकत आणि भाड्याने देत होती. विल्यम कॉफिन कोलमन यांनी हा धंदा १९०० मध्ये ओक्लाहोमातल्या किंगफिशर गावात सुरू केला आणि १९०२ मध्ये ते विचिटाला आले. १९०५ मध्ये विचिटात त्यांच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीचा अमेरिकन फुटबॉल सामना खेळला गेला होता. विजेचे खांब न पोचलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात भर रात्री असा उजेड आल्यावर त्याला काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. आमच्या गल्लीत वीज यायच्या आधीच्या गोष्टी आजी सांगायची, त्यामुळे तो विचार मला फार लांबचा वाटत नाही.

१९२० च्या दशकातले 'क्विक-लाइट' कंदील निकेल चढवलेले पितळी असतात, आणि बऱ्याच जणांना काचेऐवजी अभ्रकाची चिमणी असते. क्विक-लाइट पेटवताना जनरेटरखाली काड्या धरून तो तापवावा लागे. नंतरच्या 'इन्स्टंट-लाइट' वाल्वमध्ये सुरुवातीला इंधनासोबत हवा जाते, त्यामुळे वेगळं तापवण्याची गरज उरत नाही. जुन्या कंदिलांच्या वर्गीकरणात ही पहिली मोठी वाट: काडीने तापवायचा की नाही.

टाकी पितळी आहे की पत्र्याची, हे कसं कळेल? आणि त्याने काय फरक पडतो?

लोहचुंबक. घट्ट चिकटला तर पत्रा. अजिबात नाही तर पितळ. निकेलचा मुलामा असेल तर अगदी किंचित ओढ जाणवू शकते, कारण निकेललाही चुंबक ओढतो. त्याने गोंधळू नका. निकेल आणि क्रोम यांतला फरक रंगात आहे: निकेलच्या चमकेत थोडी पिवळट ऊब असते, क्रोम निळसर आणि थंड.

याचा उपयोग युद्धकाळातले कंदील तपासताना होतो. दुसऱ्या महायुद्धात पितळ आणि निकेल लष्कराकडे वळवलं गेलं, आणि एरवी निकेलने चमकणाऱ्या कंदिलांवर रंग आला. म्हणून १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धातली रंगवलेली टाकी दिसली की ती खरवडून "मूळ चमक" शोधायला जाऊ नका. तो रंगच मूळ असू शकतो, आणि तो जपण्यासारखा आहे.

लष्करी कंदील वेगळे मोजायचे का?

हो. त्यांच्यावर 'यू.एस.', वर्ष आणि बनवणाऱ्याचं नाव असतं, रंग शेवाळी हिरवा, आणि बुडाशी सुटे भाग ठेवायचा कप्पा. कोलमनशिवाय इतर कंपन्यांनीही ते बनवले. नंतरच्या नमुन्यात काच चार सुट्या तुकड्यांची आहे: एक फुटला तर एकच बदला. यांत वर्ष आणि बनवणारा ही जोडी महत्त्वाची.

रंग मूळ आहे की नंतर मारलेला?

नवा रंग अक्षरांत साचतो. बुडावरचे अंक भिंगातून बघा, कडा धारदार आहेत की रंगाने बुजलेल्या. पंपाच्या भोकाच्या आतल्या कडेला, झाकणाच्या आट्यांवर, वाल्वच्या बुडाशी रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. कारखान्याचं लेबल नाही आणि रंग मात्र नवाकोरा, ही शंका घेण्याची जागा.

टोपीचं वेगळं आहे. टोपीवर रंग नसतो, भट्टीत भाजलेला मिना असतो, आपल्या जुन्या इनॅमलच्या ताटांवर असतो तसा. मिन्याचा टवका काचेसारखा उडतो आणि खाली काळा पत्रा दिसतो. डब्यातला फवारा मारलेली टोपी एकदा पेटवली की तिच्यावर फोड येतात. म्हणून दुर्मीळ रंगाच्या टोपीत मला टाकीपेक्षा जास्त विश्वास वाटतो. ती घरी बनवणं सोपं नाही.

पुन्हा रंगवलेला कंदील टाकाऊ असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. कुणीतरी मायेने तो उभा केलेला असतो. फक्त नोंदीत 'रंग नंतरचा' हे दोन शब्द हवेत.

काचेवरून काही कळतं का?

थोडंफार. मूळ काचेवर कोलमनचा छाप आणि बऱ्याचदा पायरेक्सचं नाव असतं, आणि हे छाप काळानुसार बदलले. पण काच हीच सगळ्यांत आधी फुटते. पन्नास वर्षं वापरलेल्या कंदिलाला पहिलीच काच असणं हा योगच. मी काच शेवटी तपासतो आणि तिच्यावरून कंदिलाला कधी नाव देत नाही. छाप शाबूत असेल तर घासणीने घासू नका, एवढंच.

आमच्या माळ्यावर पेट्रोमॅक्स आहे. त्यालाही हीच पद्धत लागू?

हीच, फक्त खुणा वेगळ्या. आपण कुठल्याही गॅसबत्तीला पेट्रोमॅक्स म्हणतो, पण ते बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीचं नाव, मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावातला 'मॅक्स' आणि पेट्रोलियममधला 'पेट्रो'. रॉकेलला जर्मन भाषेत पेट्रोलियम म्हणतात. टाकीवर त्या कंपनीचं नाव आहे का, की नुसतीच तशी दिसणारी भारतीय किंवा चिनी बत्ती आहे, हे आधी बघा. मला भारतीय बनावटीच्या बत्त्या तितक्याच मोलाच्या वाटतात. त्यांची नोंद फार कमी लोकांनी ठेवली आहे आणि ती आपणच ठेवू शकतो.

जर्मन कंदिलांवर 'डी.आर.पी.' किंवा 'डी.आर.जी.एम.' असेल तर पेटंट (किंवा नमुन्याची नोंदणी) १९४५ पर्यंतच्या जर्मन राइशचं. 'डी.बी.पी.' असेल तर युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचं. पेट्रोमॅक्सवर प्रकाशाचं माप 'एच.के.' मध्ये असतं: ५०० एच.के. चा मोठा, २०० चा छोटा. पेटवण्याआधी तापवायला स्पिरिटची वाटी आहे की शेजारी फुंकणारी 'रॅपिड' नळी, हाही वर्गीकरणाचा मुद्दा.

याच घराण्यातला 'हासाग' कंदील कुणाला सापडला तर एक गोष्ट नोंदीत जरूर लिहा. लाइपझिगच्या या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतल्या कैद्यांकडून सक्तीने काम करून घेतलं. वस्तू जपताना तिचा इतिहास अर्धा कापून जपू नये.

आणि प्रभाकर कंदील?

तो वातीचा, दाबाचा नाही, त्यामुळे वर्गच वेगळा. पण तो विचारला गेला की मला बरं वाटतं, कारण ओगलेवाडी आमच्या कराडला लागून. औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने ओगले बंधूंनी तिथे काचकारखाना उभारला आणि प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. स्वदेशीच्या काळात परदेशी कंदिलाला तोड देणारा म्हणून त्याचं नाव झालं.

वातीच्या कंदिलांत पहिला भेद हवेच्या वाटेचा. बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला वापरलेली गरम हवाही परत मिळत असेल तर गरम झोताचा. फक्त ताजी हवा मिळत असेल तर थंड झोताचा, आणि त्याचा उजेड जास्त पांढरा. घरात प्रभाकर असेल तर तो घासून चकचकीत करू नका. टोपी, टाकी, काच यांवरचे सगळे ठसे जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या. कुणी, कुठून, कधी घेतला हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

जुने मेंटल किरणोत्सारी असतात असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. जुन्या मेंटलमध्ये थोरियम ऑक्साइड असतं, तेच तापल्यावर तसा पांढरा उजेड देतं. कोलमनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थोरियम सोडून यिट्रियम वापरायला घेतलं. या थोरियमचा आपल्याशी जुना संबंध आहे: १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याच्या दोराला चिकटलेली, थोरियम असलेली मोनॅझाइट वाळू दिसली, आणि तिथली वाळू जगभरच्या मेंटलसाठी जाऊ लागली.

बंद पाकिटातलं जुनं मेंटल कपाटात आहे म्हणून घाबरू नका. जळून राख झालेलं मेंटल मात्र फुंकर मारून उडवू नका. ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधा, हात धुवा, मुलांना लांब ठेवा. संग्रहासाठी जुनं पाकीट न उघडता ठेवणं सगळ्यांत चांगलं.

ओळख पटवायला पेटवून बघणं गरजेचं आहे का?

अजिबात नाही. प्रकार ओळखण्यात त्याचा काही उपयोग नाही.

तरी पेटवायचाच असेल तर आधी वायसर, झाकणाचं रबर आणि जनरेटर बदलून घ्या, घराबाहेर पेटवा, तंबूत कधीही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल घालू नका. मागे कुणीतरी "चालतं की" म्हणाला होता. नाही चालत, भडका होतो.

नोंद कशी ठेवू?

मी एका कंदिलाला एक कार्ड करतो आणि क्रम कधी बदलत नाही: बनवणारा, विकणारा वेगळा असेल तर तो, इंधन, मेंटल किती, मॉडेल आणि अक्षर, कारखाना, टाकीची तारीख, टाकीचा धातू आणि रंग, टोपीचा रंग, काचेवरचा छाप. मग प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शब्द: 'मूळ', 'जुळणारा', 'नंतरचा'. 'जुळणारा' म्हणजे त्याच काळचा आहे, पण याच कंदिलाचा असल्याची खात्री नाही. संग्राहकांचं टोपणनाव सगळ्यांत शेवटी आणि अवतरणात.

माझ्या त्या फसलेल्या कंदिलाचं कार्ड असं आहे: कोलमन, नाफ्था, एक मेंटल, २००ए, विचिटा, १९५८, लाल टाकी, मूळ, हिरवी टोपी, नंतरची, काच, नंतरची. 'ख्रिसमस' नाही. तो अजून माझ्याकडे आहे आणि दिवाळीत अंगणात त्यालाच पेटवतो.

साफ किती करावं?

कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, लगेच कोरडा. लेबलावर पाणी नको. पितळेला ब्रासो लावायचा मोह आवरा. निकेलचा मुलामा पातळ असतो आणि घासून गेला की परत येत नाही. कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर टाकी आतून पूर्ण वाळवून, झाकण सैल ठेवून, कोरड्या कपाटात ठेवा. पत्र्याच्या टाक्या दमट हवेत आतून गंजतात आणि ते बाहेरून कळत नाही.

भावाकडून अमेरिकेहून मागवतोय. विमानात आणता येईल?

एकदा इंधन भरलेला कंदील सामानात नेण्यावर बंधनं आहेत, आणि नुसता रिकामा करून भागत नाही, वासही उरता कामा नये. विमान कंपनीला आधी विचारून परवानगी घ्या, नाहीतर विमानतळावरच ठेवून यावा लागेल. काच आणि टोपी सुटी करून हातातल्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून आणा. आणि निघण्याआधी भावाला बुडाचा फोटो काढून पाठवायला सांगा, तिरपा उजेड धरून.